आषाढातील मोटारसायकल

मृग लागले की बेळगावकरांच्या घरी माळ्यावरून दोन वस्तू खाली उतरतात : एक रेनकोट आणि दुसरी मोटारसायकलवर घालावयाची खोळ. रेनकोट कोठे उसवला आहे काय हे आपण उजेडात धरून पाहतो, खोळीच्या नाड्या शाबूत आहेत ना हेही पाहतो. ज्या गाडीसाठी ही सिद्धता, तिच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. गाडी चालते आहे ना, मग झाले, अशी आपली समजूत असते. आम्हीही अनेक वर्षे याच समजुतीत होतो. ती चोर्ल्याच्या घाटात फिटली.

आषाढाचे दिवस होते. साखळीस एका आप्तांच्या समाचाराला जावयाचे म्हणून आम्ही उभयता भल्या सकाळी निघालो. जांबोटी मागे पडेपर्यंत नुसती रिपरिप होती. कणकुंबीच्या अलीकडे पावसाने जो जोर धरला, तो काही सैल सोडीना. मलप्रभेच्या उगमाचा हा मुलूख. येथे पाणी आकाशातून कमी आणि जमिनीतूनच अधिक येते की काय असे वाटते. दोन-तीन मोऱ्यांवरून तांबडे पाणी वाहत होते. त्यातून गाडी काढताना दोन्ही चाके मधल्या ब्रेक-ड्रमपर्यंत बुडाली. पाणी ओलांडल्याचे समाधान मानून आम्ही पुढे गेलो, चोर्ला गाठले आणि केरीच्या बाजूचा उतार लागला. पहिल्याच तीव्र वळणावर मागचा ब्रेक दाबला. पाय खाली गेला. गाडीचा वेग तसाच. पुढचा दाबला, तोही जणू साबणावर घासत होता. एका बाजूस दरी, दुसऱ्या बाजूस दरड. गियर एकेक उतरवीत गाडी कशीबशी दरडीच्या कडेला घेतली आणि तिथल्या चरात ती कलंडून थांबली. आमचा गुडघा सोलवटला, सौभाग्यवतींच्या हाताला मुका मार बसला. एवढ्यावर निभावले. पाऊस कोसळत असता चरातून उठून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, परवाच तर गाडी मेस्त्रीकडे दिली होती ना?"

दिली होती. ब्रेक सैल झाला आहे, एवढे सांगून दिली होती. आणि मेस्त्रीने सांगितले तेवढे केले होते. मागच्या चाकाशी असलेल्या सळईचा नट आवळून त्याने ब्रेक 'टाइट' करून दिला होता. ब्रेक सैल का झाला, हे त्याने पाहिले नाही आणि आम्ही विचारले नाही. ड्रममधील ब्रेकशूवर जे लायनर असते ते झिजत गेले म्हणजे पायदांडी खोल जाऊ लागते. नट आवळला की ती पुन्हा वर येते, परंतु झिजलेले लायनर काही त्यामुळे जाड होत नाही. बहुतेक गाड्यांना चाकाच्या बाजूस, ब्रेकच्या दांड्याजवळ, एक लहानसा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबला असता हा बाण समोरच्या खुणेपर्यंत पोचला, तर लायनर संपले असे समजावे. ही खूण पाहण्यास हत्यार लागत नाही, पैसा लागत नाही. एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने वाकून पाहावे. आमच्या गाडीचा बाण खुणेच्याही पलीकडे गेलेला होता, हे साखळीच्या मेस्त्रीने आम्हांस दाखविले तेव्हा आम्ही मान खाली घातली.

झिजलेले लायनर कोरड्या रस्त्यावर कसेबसे काम देते. ड्रममध्ये पाणी गेले म्हणजे मात्र नव्या लायनरचीही पकड तात्पुरती जाते, मग जुन्याची काय कथा! म्हणून पाण्यातून गाडी काढल्यावर पुढे सपाट रस्ता असेतोच, मागेपुढे वाहन नाही असे पाहून, गाडी सावकाश चालवीत दोन्ही ब्रेक हलके धरून ठेवावेत. घर्षणाच्या उष्णतेने आतले पाणी आटते आणि पकड परत येत असल्याचे हातापायांस कळते. ती येईपर्यंत उतार घेऊ नये. डिस्क ब्रेक उघडा असल्याने लवकर कोरडा होतो. तथापि पाण्यातून आल्यावर पहिला क्षणभर तोही उशिराने लागतो. शिवाय डिस्क ब्रेकमधील तेल हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. हे तेल बदलणारे गृहस्थ आमच्या परिचयात फारच थोडे आहेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या गाड्यांना चाक जखडू न देणारी ए.बी.एस. यंत्रणा सक्तीची झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ही यंत्रणा चाक घसरू देत नाही. संपलेल्या लायनरला किंवा पॅडला ती जीव देऊ शकत नाही.

घाटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. उतारावर पेट्रोल वाचते म्हणून इंजिन बंद करून, गियर काढून गाडी सोडून देणारे लोक आम्ही अजूनही पाहतो. खालच्या गियरमध्ये इंजिन गाडीला जे मागे ओढून धरते, तोच पावसात आपला तिसरा ब्रेक असतो. चोर्ल्यास आम्हांला त्यानेच तारले.

जुन्या पिढीला हे सारे शिकवावे लागत नसे. म्हैसूरच्या कारखान्यातून आलेली येझदी ज्यांच्या घरी होती, त्यांना आठवत असेल : पावसात गाडी बंद पडली की खिशातील रुमाल काढून प्लग पुसावयाचा, पॉइंटवरील ओल टिपावयाची, दोन किक मारावयाच्या आणि पुढे निघावयाचे. १९९६ मध्ये तो कारखाना थांबला. आजच्या गाड्यांत पॉइंट नाहीत, आणि २०२० पासूनच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरही नाही. पेट्रोल फवाऱ्याने आत जाते. गाडी बंद पडण्याचे प्रसंग कमी झाले. त्याबरोबर आपला हात गाडीला लागण्याचेही प्रसंग कमी झाले, आणि पावसाळ्यात नेमके हेच नडते. गाडीला पाऊस बाधत नाही; पाऊस थांबल्यावर तिच्यात जे उरते ते बाधते.

चेनचेच पाहा. आपल्याकडील तांबडी माती बारीक आणि चिकट. ओल्या चेनवर बसली की तिचा खरकागद होतो. उन्हाळ्यात पाचशे किलोमीटरला चेनला तेल देत असाल, तर पावसाळ्यात तीनशेलाच द्यावे, आणि दिवसभर मुसळधारेत फिरणे झाले असेल तर त्याच संध्याकाळी. प्रथम चेन रॉकेलने धुवावी. रॉकेल आता घरोघरी असते असे नाही. दुकानात चेन धुण्याचे द्रव मिळते, तेही चालेल. पेट्रोलने मात्र धुऊ नये. एक तर आगीचे भय, आणि दुसरे असे की पुष्कळ चेनच्या कड्यांत बारीक रबरी वळी असतात, ती पेट्रोलने खराब होतात. नंतर कोरड्या फडक्याने पुसून नव्वद नंबरचे गियर ऑइल चेनच्या आतल्या बाजूवर थेंबथेंब सोडावे. चाक फिरते तेव्हा ते बाहेरच्या बाजूला आपोआप पसरते.

हे करताना इंजिन बंद असले पाहिजे. गाडी मधल्या स्टँडवर, गियर न्यूट्रलमध्ये, आणि चाक हाताने फिरवावे. वेळ वाचवावा म्हणून इंजिन चालू ठेवून, फिरत्या चेनला फडके धरणाऱ्यांची बोटे चेन आणि दातेरी चक्राच्या मध्ये जातात. ज्या घरात मुलगा नुकताच गाडी साफ करू लागला आहे, त्या घरातील वडिलधाऱ्यांनी हे वाक्य त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.

टायरविषयी फार लिहीत नाही. खाचांच्या तळाशी अधूनमधून जे लहान उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला टायर झिजला की तो बदलावा, मग जून असो वा सप्टेंबर. पावसात हवा थोडी कमी ठेवावी म्हणजे पकड वाढते, असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये. हवा कमी असली की पाणी खाचांतून नीट बाहेर पडत नाही.

पेट्रोलचे प्रकरण नवे आहे. आता पंपावर बहुधा वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडी ओल ते सामावून घेते. पाणी अधिक झाले की इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि गाडी प्रथम तोच तळ ओढते. पुष्कळ गाड्यांच्या टाकीच्या झाकणापाशी पावसाचे पाणी खाली सोडणारे एक बारीक छिद्र असते. ते मातीने बुजले की पाणी झाकणाभोवती साचून आत झिरपते. काडी घालून ते मोकळे ठेवावे. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत ओलसर हवेला जागा मिळते.

पाण्यातच गाडी बंद पडली तर स्टार्टरचे बटण दाबण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही. वाकतो तो आतला दांडा. गाडी ढकलत कोरड्यात आणावी आणि मेस्त्रीला बोलवावे. त्याने प्लग काढून पाणी बाहेर टाकल्यावर इंजिनचे तेल अवश्य पाहावयास सांगावे. दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग दिसला तर तेलात पाणी मिसळले आहे. ते बदलल्यावाचून गाडी हलवू नये.

आता खोळीविषयी, कारण सर्वांत अधिक विश्वास आपण तिच्यावरच टाकतो. पावसातून आलेल्या ओल्या, गरम गाडीवर प्लॅस्टिकची खोळ ओढणे म्हणजे ओल्या केसांचा अंबाडा बांधण्यासारखे आहे. आतली वाफ आतच फिरते आणि सकाळी स्पोक, नटबोल्ट, सायलेन्सरची जोडणी तांबूस दिसू लागते. गाडी निवू द्यावी, साध्या पाण्याने चिखल काढावा, पुसावी, आणि खोळ खालून मोकळी राहील अशी घालावी. पडवी असेल तर खोळीपेक्षा पडवी बरी. मात्र पडवीत धान्याचे पोते असेल तर उंदरांकडे लक्ष असू द्यावे. सीटखालील वायरी त्यांना का आवडतात हे देव जाणे, पण आवडतात खऱ्या.

ज्यांची गाडी घरापासून बाजारापर्यंतच जाते त्यांचा सायलेन्सर आतून सडतो. इतक्या थोड्या अंतरात तो पुरता तापत नाही आणि धुरातील वाफेचे पाणी आतच राहते. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारावी. टिळकवाडीहून खानापूरच्या वाटेने थोडे पुढे जाऊन यावे. तेवढेच शेतातील भाताची रोपेही पाहून होतात.

पाऊस ओसरला की खंडेनवमी येते. त्या दिवशी गाडी धुण्याच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि यंत्राच्या जोरदार फवाऱ्याने मोटारसायकली लखलखीत होतात. हाच फवारा चाकांच्या बेअरिंगवर रोखला तर चार महिने बाहेर राहिलेले पाणी एका मिनिटात आत जाते. म्हणून आम्ही अलीकडे गाडी घरीच, बादली आणि फडके घेऊन धुतो. हार घालण्याआधी सौभाग्यवती मागच्या चाकापाशी वाकून बसतात, आम्ही ब्रेक दाबून धरतो, आणि बाण कोठे आला ते त्या सांगतात.