परदेशातून वापरलेलं यंत्र आणताय? कस्टम्समध्ये माल नेमका का अडतो?

वर्सोव्यात आरामनगरच्या गल्लीत किंवा खाडीपलीकडे मढच्या बंगल्यांबाहेर शूटिंग सुरू असलं की एक गाडी हमखास उभी दिसते, ती म्हणजे जनरेटर व्हॅन. समजा, अशा व्हॅनचा धंदा करणाऱ्या कुणाला परदेशी वेबसाइटवर वापरलेला डिझेल जनरेटर स्वस्तात दिसला. फोटो छान, विक्रेता भरवशाचा, पैसे पाठवले, कंटेनर न्हावा शेवाला पोहोचला. तिथे कळतं की वापरलेला डिझेल जनरेटर परवान्याशिवाय भारतात आणताच येत नाही.

आता त्याच माणसाच्या शेजारी, वीरा देसाई रोडवरच्या एखाद्या गाळ्यात छपाईचा व्यवसाय आहे असं धरू. त्याने त्याच देशातून वापरलेलं ऑफसेट यंत्र मागवलं, तर त्याला असा परवाना लागत नाही. दोन्ही यंत्रं जुनी आणि दोन्ही धंद्यासाठीच. मग नियम वेगळे का?

कोणतं जुनं यंत्र चालतं, कोणतं नाही?

याचं उत्तर कस्टम्सच्या नव्हे, तर परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या परकीय व्यापार धोरणात आहे. हे धोरण वापरलेल्या भांडवली वस्तूंचे, म्हणजे उत्पादनासाठी किंवा सेवेसाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीचे गट पाडतं. साधारण नियम असा की वापरलेली भांडवली वस्तू मुक्तपणे आणता येते. पण डेस्कटॉप, लॅपटॉप, एअर कंडिशनर आणि डिझेल जनरेटिंग सेट यांना अपवाद केलं आहे. त्यांच्यासाठी आधी डीजीएफटीचा परवाना हवा.

वर्सोव्यातल्या स्टुडिओवाल्यांना आणखी एक अपवाद माहीत असायला हवा. ज्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, त्या वापरलेल्या असतील तर त्यांनाही परवाना लागतो. डिजिटल कॅमेरा आणि व्हिडिओ कॅमेरा त्या यादीत आहेत. ‘कॅमेरा म्हणजे यंत्रच की’ असं म्हणून परदेशातून सेकंडहँड बॉडी मागवणारे इथेच फसतात.

सुट्या भागांचं गणित तिसरंच. दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले सुटे भाग आणता येतात, पण मूळ भागाच्या आयुष्यापैकी किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे, असं चार्टर्ड इंजिनीअरचं प्रमाणपत्र लागतं. संपूर्ण यंत्राला ही ८० टक्क्यांची अट नाही. अनेक जण या दोन गोष्टींची गल्लत करतात.

जुन्या झेरॉक्स-प्रिंटर मशीनची तऱ्हा तर याहून वेगळी. त्यांना पर्यावरणाचे, म्हणजे घातक कचऱ्याविषयीचे २०१६ चे नियमही लागू होतात. कारण सरळ आहे, जुनं यंत्र म्हणून आलेला माल उद्या इथला ई-कचरा ठरू शकतो. परवानगीशिवाय आलेल्या अशा मशीनच्या प्रकरणात २४ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अतुल ऑटोमेशन्स खटल्यात निकाल दिला. ही आयात ‘निर्बंधित’ आहे, ‘पूर्ण बंदी’ असलेली नाही, त्यामुळे दंड भरून माल सोडवण्याची मुभा देता येते, असं न्यायालयाने म्हटलं. पण तोवर आयातदाराला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं, हे विसरून चालणार नाही.

परवाना लागत नाही, तरी माल का अडतो?

बहुतेक वेळा किमतीवरून. कस्टम्स ड्युटी किमतीच्या टक्क्यांत असते आणि जुन्या यंत्राला ठरलेली बाजारभावाची पाटी नसते. बिलावर कमी किंमत लिहून ड्युटी वाचवायचा मोह जुना आहे, म्हणून अधिकाऱ्यांचा संशयही जुनाच.

उदाहरण घेऊ. आपल्या छपाईवाल्याने बारा वर्षं जुनं यंत्र सगळ्या खर्चासकट १८ लाखांना घेतलं. तेच यंत्र बनलं त्या वर्षी नवं १ कोटीला मिळत होतं. घोषित किंमत पटली नाही, तर कस्टम्सकडे घसाऱ्याचा एक जुना तक्ता आहे. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच आणि त्यापुढे दर तिमाहीला २ टक्के. बेरीज केली तर सात वर्षांत बरोबर ७० टक्के होतात आणि तिथेच मर्यादा संपते. यंत्र बारा वर्षांचं असो वा पंचवीस, घसारा ७० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे या हिशोबाने किंमत निघते ३० लाख.

मूळ ड्युटी ७.५ टक्के, तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि मग १८ टक्के आयजीएसटी धरला, तर १८ लाखांवर एकूण ४,९९,२३० रुपये भरावे लागतात. ३० लाखांवर तोच आकडा ८,३२,०५० रुपये होतो. फरक ३ लाख ३२ हजारांचा. यातल्या आयजीएसटीचं क्रेडिट जीएसटी नोंदणी असलेल्याला मिळतं, पण ते नंतर. माल सोडवताना रोकड तर आजच उभी करावी लागते, आणि छोट्या गाळ्यावाल्याची खरी अडचण तीच असते. (प्रत्यक्ष दर यंत्राच्या वर्गीकरणानुसार बदलतो. यंत्र जुनं म्हणून ड्युटीचा दर कमी होत नाही.)

मग १८ लाख खरोखरच दिले असतील तर?

तर कायदा आयातदाराच्या बाजूने उभा राहू शकतो. कस्टम्स कायद्याच्या कलम १४ नुसार मुळात प्रत्यक्ष व्यवहारात दिलेली किंमत धरायची असते. आयशर ट्रॅक्टर्स विरुद्ध मुंबईचे कस्टम्स आयुक्त या २००० सालच्या खटल्यात १९८९ मध्ये बनलेले बेअरिंग नंतर ७७ टक्के सवलतीत विकले गेले होते. किंमत यादीपेक्षा भाव खूप कमी आहे, एवढ्याच कारणावरून व्यवहाराची किंमत नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. माल वापरलेला नव्हता, पडून राहिलेला होता. तरी मुद्दा लागू पडतो.

अर्थात २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या नियम १२ ने अधिकाऱ्याला रास्त शंका असल्यास पुरावे मागण्याचा आणि समाधान झालं नाही तर घोषित किंमत नाकारण्याचा अधिकार दिला आहे. आयातदाराने मागणी केली, तर शंकेची कारणं लेखी द्यावी लागतात. ही मागणी फार कमी जण करतात.

पुरावा म्हणून सगळ्यात उपयोगी पडतो तो चार्टर्ड इंजिनीअरचा तपासणी अहवाल. ५ फेब्रुवारी २०२० च्या परिपत्रकानुसार यंत्र ज्या देशात विकलं गेलं, तिथल्या चार्टर्ड इंजिनीअरचा किंवा समकक्ष संस्थेचा अहवाल चालतो. तो नसेल तर इथे डीजीएफटीच्या यादीतल्या संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते, आणि तोवर कंटेनरचं भाडं चढत राहतं. म्हणून अहवाल तिकडेच, यंत्र सोडवण्याआधी करून घेणं शहाणपणाचं. जोडलेलं, चालू यंत्र पाहून अंदाज बांधणं वेगळं आणि चार पेट्यांतले लोखंडी भाग पाहून सांगणं वेगळं.

अहवालात उत्पादनाचं वर्ष, अनुक्रमांक, नवं असतानाची किंमत, सध्याची अवस्था आणि शिल्लक आयुष्य स्पष्ट हवं. यंत्रावरची नावाची पट्टी शाबूत ठेवायला विक्रेत्याला बजावून सांगावं. विकण्यापूर्वी रंग मारताना ती पट्टी झाकली गेली, तर वर्ष सिद्ध करणं अवघड जातं. यंत्र सोडवण्याचा, दुरुस्तीचा किंवा पॅकिंगचा खर्च खरेदीदाराने वेगळा दिला असेल, तर तो लपवू नये. मालवाहतूक आणि विम्यासह हाही खर्च मूल्यांकनात विचारात घेतला जातो.

कंटेनर निघण्याआधी आणखी काय पाहायचं?

आयात-निर्यात कोड हवाच, तो डीजीएफटीकडून ऑनलाइन मिळतो. लाकडी पेट्यांवर उपचार केल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का आहे का, हे फोटो मागवून पाहावं. करोडोंचं यंत्र लाकडातल्या किडीच्या नियमामुळे अडून राहू शकतं.

कंटेनरमधली मोकळी जागा हाही एक सापळा आहे. विक्रेता ‘भेट’ म्हणून जुना सुटा कॉम्प्युटर किंवा एसी कोंबून देतो, तो बिलात नसतो आणि तपासणीत सापडतो. मग प्रश्न फक्त त्या कॉम्प्युटरचा राहत नाही. चुकीच्या घोषणेचं कलम लागलं, तर जप्ती, सोडवणुकीचा दंड आणि वर वेगळी शास्ती, असं सगळं मागे लागतं.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो. ते अपेक्षित आगमनाच्या ३० दिवस आधीपासून भरता येतं, त्यामुळे कागद तयार असतील तर थांबायचं कारण नाही.

आणि जनरेटर व्हॅनवाल्याचं काय? त्याने पैसे पाठवण्याआधी डीजीएफटीकडे परवान्याचा अर्ज करायला हवा होता. माल बंदरात आल्यावर केलेला अर्ज त्याचा कंटेनर सोडवेलच असं नाही. तोवर भाड्याचा जनरेटर घेणंच त्याला परवडेल.