पेटंट मिळालं, पुढे काय?

गेल्या वर्षी एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनाला गेलो होतो. प्रत्येक टेबलावर काहीतरी फिरत होतं, लुकलुकत होतं. एका टेबलापाशी थांबलो आणि 'हे काय आहे रे?' विचारलं. यंत्र काय करतं हे सांगायच्या आधीच उत्तर आलं, 'सर, याचं पेटंट झालंय.' मागच्या बोर्डावर लॅमिनेट केलेला कागद होता. जवळ जाऊन वाचला, तर तो अर्ज प्रसिद्ध झाल्याचा कागद निघाला. म्हणजे पेटंट मिळालेलं नव्हतं. अर्ज तपासणाऱ्याने अजून फाईलही उघडलेली नव्हती. मी म्हटलं, 'बरं, मिळालं असं धरू. पुढे काय?' चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, 'पुढे... रिझ्युमेत टाकणार.'

हसू नका. हा प्रश्न तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी हुशार माणसांना पडलेला आहे, आणि त्यांतल्या काहींना त्याचं उत्तर आयुष्यभर सापडलं नाही. त्यातली एक बाई तर अशी, की तिची वस्तू तुम्ही दर पावसाळ्यात वापरता. घाटात धो धो पाऊस, समोरचं काही दिसत नाही, आणि काचेवर सपसप फिरणारी ती रबराची पट्टी. हो, वायपर.

मेरी अँडरसन तिचं नाव. राहणार अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरात. इंजिनीअर नव्हे. आधी बर्मिंगहॅममध्ये भाड्याने देण्यासाठी इमारत बांधलेली, मग कॅलिफोर्नियात गुरांचं कुरण आणि द्राक्षमळा सांभाळलेला. वय पस्तिशी ओलांडलेलं. एका हिवाळ्यात ती न्यूयॉर्कला गेली आणि ट्रामने फिरत होती. बाहेर बर्फमिश्रित पाऊस. ट्रामच्या ड्रायव्हरला काचेतून काही दिसेना, म्हणून त्याने समोरची खिडकी चक्क उघडली. आता रस्ता दिसतोय, पण गार वारा आणि बर्फाचा चिखल थेट तोंडावर. बाकीच्या प्रवाशांना यात काही नवीन वाटलं नाही. हिवाळ्यात ट्राम अशीच चालायची. मेरीबाईंना मात्र वाटलं, की हे आतल्या आत बसून पुसता का येऊ नये?

घरी आल्यावर त्यांनी जे कागदावर उतरवलं ते आजही बघण्यासारखं आहे. ड्रायव्हरच्या हाताशी आतल्या बाजूला एक दांडा. तो फिरवला की चौकटीतून आरपार गेलेला आस फिरणार आणि बाहेरच्या बाजूला रबर लावलेला हात काचेवरून सरकणार. रबर काचेला चिकटून राहावं म्हणून वजनाची योजना. शिवाय एक खास व्यवहारी बारकावा : हवा चांगली असेल तेव्हा हे सगळं काढून ठेवता यावं, म्हणजे गाडीचं रूप बिघडायला नको! वीज नाही, मोटर नाही, सगळा हाताचा खेळ. १८ जून १९०३ रोजी अर्ज दाखल झाला आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी पेटंट मिळालंसुद्धा. क्रमांक ७४३८०१. पाच महिन्यांच्या आत! आजच्या अर्जदारांनी हा आकडा फार वेळ पाहू नये, त्रास होतो.

आता तारखेकडे पुन्हा बघा. फोर्ड मोटर कंपनीची नोंदणी झाली १६ जून १९०३ ला. म्हणजे मेरीबाईंच्या अर्जाच्या फक्त दोन दिवस आधी. सामान्य माणसाच्या घरी मोटार नेणारं 'मॉडेल टी' यायला अजून पाच वर्षं होती. ज्या वस्तूवर वायपर लागायचा, ती वस्तूच रस्त्यावर पुरेशी आलेली नव्हती.

तरी त्यांनी प्रयत्न केला. १९०५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या एका कंपनीला हक्क विकायची तयारी दाखवली. कंपनीचं उत्तर सभ्य भाषेत आलं. त्याचा मथितार्थ असा, की ही वस्तू विकायला घ्यावी इतकी किंमत आम्हाला तिच्यात दिसत नाही. पत्र संपलं, विषय संपला.

इथे जरा थांबू. पेटंट म्हणजे नक्की काय मिळतं, हे आपल्याला कुणी धड सांगतच नाही. शासकीय मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात, आणि त्या शब्दावरून वाटतं की आता हे सगळं आपलं, आपण राजे. प्रत्यक्षात सरकार तुम्हाला एकच गोष्ट देतं : ठरावीक वर्षं इतरांना थांबवण्याचा हक्क. बस. तुमची वस्तू चालेल, विकली जाईल, कुणी तिच्यात पैसे घालेल, याची हमी त्यात नाही. चोराला पकडायलाही सरकार येत नाही, तुमचा वकील तुम्हीच करायचा. आणि हा हक्क फुकट नाही. बदल्यात तुम्ही तुमची युक्ती आकृत्यांसकट जगापुढे उघडी करायची. मुदत संपली की ती सगळ्यांची. मेरीबाईंची मुदत होती सतरा वर्षं. आपल्याकडे आज अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं आहे.

म्हणजे घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू असतं. गिऱ्हाईक दारात आलं की नाही, याच्याशी त्या घड्याळाला देणं-घेणं नाही.

आता याच १९०३ सालची दुसरी बाजू बघू. डेटन, ओहायो इथले दोन भाऊ सायकली बनवायचे आणि विकायचे. विल्बर आणि ऑर्विल राइट. त्यांचं पहिलं इंजिनवालं विमान उडालं १७ डिसेंबर १९०३ ला, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण पेटंटचा अर्ज त्यांनी केला होता २३ मार्चला, म्हणजे उड्डाणाच्या जवळजवळ नऊ महिने आधी! उडालं नाही त्याचं पेटंट कसं? कारण त्यांनी इंजिनावर हक्क मागितलाच नव्हता. मागितला होता तोल सांभाळण्याच्या पद्धतीवर. त्या काळी बरेच जण मोठं इंजिन लावून उडायच्या मागे होते. राइट बंधू सायकलवाले, त्यांना ठाऊक होतं की दोन चाकांवर खरी कसरत पुढे जाण्याची नसते, न पडण्याची असते. विल्बरने सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं हातात धरून पिळलं आणि त्याच्या लक्षात आलं, की विमानाचे पंख असे उलटसुलट पिळता आले तर एक बाजू वर जाईल आणि दुसरी खाली. ग्लायडरवर त्यांनी हे करून पाहिलेलं होतं.

स्वतः लिहिलेला अर्ज पेटंट ऑफिसने परत पाठवला. मग त्यांनी हॅरी टूलमिन नावाचा वकील गाठला. टूलमिनचं कसब असं, की त्याने हक्क फक्त 'पंख पिळणे' एवढ्यापुरता ठेवला नाही. पंखांच्या दोन टोकांचा हवेशी होणारा कोन वेगवेगळा करून तोल राखायचा, ही कल्पनाच त्याने कुंपणात घेतली. २२ मे १९०६ ला पेटंट मिळालं.

पुढे ग्लेन कर्टिसने वेगळी युक्ती वापरली. पंख न पिळता त्यांना बिजागरीवर हलणाऱ्या छोट्या फळ्या लावल्या. विमानात खिडकीपाशी बसलात तर वळताना पंखाच्या टोकाकडे खालीवर होणारी पट्टी दिसते ना, तीच. राइट म्हणाले, हेही आमच्याच कुंपणात येतं. १९०९ मध्ये खटला उभा राहिला, आणि जानेवारी १९१४ मध्ये अपिलातही राइटच जिंकले. पण तोवर काय झालं होतं? विल्बरची बरीच शक्ती वकिलांच्या चकरांमध्ये गेली आणि १९१२ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी टायफॉइडने तो गेला. ऑर्विलने १९१५ मध्ये कंपनी विकून टाकली. अमेरिका १९१७ मध्ये महायुद्धात उतरली तेव्हा ज्या देशात विमान जन्मलं, त्याच देशाचे वैमानिक मुख्यतः फ्रेंच आणि ब्रिटिश विमानं घेऊन लढले. खटले हेच एकमेव कारण, असं मी म्हणणार नाही. पण त्याच वर्षी सरकारच्या दबावाखाली विमान कंपन्यांना आपली पेटंटं एका सामाईक संस्थेत आणून एकमेकांना खुली करावी लागली, यावरून काय ते समजा.

एकीला थांबवायला कुणी भेटलं नाही, दुसऱ्यांनी थांबवण्यातच वर्षं घालवली.

मग जमलं कुणाला? किंग जिलेटला जमलं. हा बाटल्यांच्या बुचांच्या कंपनीतला फिरता विक्रेता. वापरून फेकायचं पातं ही कल्पना त्याला सुचली १८९५ मध्ये, पण पातळ पोलादाला धार टिकेल कशी, हे त्याला येत नव्हतं. ते कोडं विल्यम निकरसन या इंजिनीअरने सोडवलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, गेले फक्त ५१ रेझर. दुसऱ्या वर्षी नव्वद हजार. आणि पेटंट हातात पडलं नोव्हेंबर १९०४ मध्ये, म्हणजे धंदा आधी रांगायला लागला होता. कल्पना एकाची, धातू दुसऱ्याला कळणारा, आणि विकायचं कसं हे पहिल्याच्या रक्तात. तुमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असा तिसरा गुण कुणाकडे आहे का, ते जरा बघा. बहुतेक ग्रुपमध्ये चौघेही कोडच लिहीत असतात.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईतला, १८६७ चा. 'भारताचे एडिसन' म्हणून त्यांचा उल्लेख होतो, पण किती जणांना ते माहीत आहेत? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लंडनला होते आणि त्यांचं मुख्य काम होतं छापखान्याचे शिशाचे खिळे झपाट्याने ओतणारं यंत्र, 'भिसोटाइप'. दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिलं, नंतर जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी. बुद्धी होती, पेटंटं होती, ओळखीही होत्या. पण खिळे ओतणारं यंत्र म्हणजे रेझर नव्हे, की दुकानात ठेवलं आणि विकलं. त्याला कारखाना लागतो, दुरुस्तीची माणसं लागतात, वर्षानुवर्षं थांबणारा पैसा लागतो, आणि समोर लायनोटाइप-मोनोटाइपसारख्या तगड्या कंपन्या ठाण मांडून बसलेल्या. भिसे पुढे अमेरिकेला गेले. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं. छपाईच्या इतिहासात त्यांच्या यंत्राला मिळायला हवी होती ती जागा मिळाली नाही, असं मला तरी वाटतं.

तर, प्रदर्शनातल्या त्या चौघांना मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. आपल्याकडे अर्ज साधारण अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, आणि विनंती केली तर त्याही आधी. तो प्रसिद्ध होणं म्हणजे काहीही सिद्ध होणं नव्हे. तपासणी त्यानंतर, तीही तुम्ही मागितली तर. यंत्र अजून अर्धवट असेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख पकडता येते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. त्या बारा महिन्यांत खरं काम करायचं : हे विकत कोण घेईल, त्याच्या दारात जाऊन विचारायचं. आणि अर्ज करायच्या आधी इन्स्टावर रील टाकायची नाही. जग आधीच बघून बसलं तर नावीन्य कुठलं? रील टाकायचा मोह किती असतो, मला कळतं. तरी नाही.

त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, 'पण सर, त्या वायपरवाल्या बाईंचं पुढे काय झालं?'

१९२० मध्ये पेटंटची मुदत संपली. १९२२ मध्ये कॅडिलॅकने आपल्या प्रत्येक गाडीवर वायपर बसवायला सुरुवात केली आणि मग बाकीच्यांनीही. मेरीबाईंना यातून एक डॉलर मिळाला नाही. त्या बर्मिंगहॅममधली आपली इमारत सांभाळत राहिल्या आणि १९५३ मध्ये वारल्या. तोवर वायपर नसलेली मोटार कुणी विकतही घेत नव्हतं. अमेरिकेच्या नामवंत संशोधकांच्या यादीत त्यांचं नाव लागलं २०११ मध्ये.

पेटंटचा तो जुना कागद इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो. ७४३८०१ हा क्रमांक टाकून बघा. आकृतीत ट्रामची खिडकी आहे, आत दांडा आहे, बाहेर पट्टी आहे.