भिंतीतून दर्शन : चर्चमधील स्क्विंट आणि निजामुद्दीन दर्ग्याची जाळी

धार्मिक वास्तूतील भिंत माणसाला थांबवते; तिच्यातील छिद्र मात्र नजरेला पुढे जाऊ देते. कोणाचे पाय कुठे थांबतात आणि कोणाची नजर कुठवर पोचते, हे अशा छिद्रांवरून कळते. या पाठात आपण दोन उदाहरणांची तुलना करू.

१. स्क्विंट

मध्ययुगीन चर्चमध्ये मुख्य वेदी पूर्व टोकाला असे. वेदीचा भाग धर्मगुरूंचा आणि त्याच्या पश्चिमेचे मोठे दालन लोकांचे. बाजूच्या दालनात उभ्या असलेल्यांना मधल्या भिंतीमुळे वेदी दिसत नसे. म्हणून त्या भिंतीत वेदीच्या रोखाने तिरके छिद्र पाडत. हाच स्क्विंट. ‘हॅगिओस्कोप’ हे त्याचे नाव एकोणिसाव्या शतकात ग्रीक शब्दांवरून घडवले गेले.

याचे कारण उपासनेत सापडते. तेराव्या शतकात मिस्सेच्या वेळी धर्मगुरूने पवित्र भाकर उंच धरण्याची प्रथा रूढ झाली. सामान्य लोक ती बहुधा वर्षातून एकदाच ग्रहण करत. एरवी तिच्या दर्शनालाच महत्त्व होते. बाजूच्या वेदीवरील धर्मगुरूलाही मुख्य मिस्सा कुठवर आली आहे, हे स्क्विंटमधून समजे.

स्क्विंट कुष्ठरोग्यांसाठी होते, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु बहुतेक स्क्विंट चर्चच्या आतल्याच दोन भागांमध्ये आहेत. तेथून पाहणारा माणूस आधीच चर्चच्या आत असतो. त्यामुळे हे स्पष्टीकरण टिकत नाही.

२. जाळी

हजरत निजामुद्दीन औलिया यांचे निधन १३२५ मध्ये झाले. त्यांच्या कबरीवरील सध्याची वास्तू मुख्यतः १५६२-६३ मधील आहे. कबरीच्या दालनाभोवती संगमरवरी जाळ्या आहेत आणि त्यांच्या बाहेर व्हरांडा. पुरुष आत जाऊन चादर चढवतात. स्त्रियांना आत प्रवेश नाही. त्या व्हरांड्यात बसून जाळीतून दर्शन घेतात, जाळीला मन्नतीचे धागे बांधतात.

३. दोन छिद्रांची भूमिती

समजा, भिंत ९० सेंमी जाड आहे आणि छिद्र ३० सेंमी रुंद. छिद्राच्या तोंडाशी मध्यभागी डोळा ठेवल्यास सुमारे १९ अंशांचाच भाग दिसेल. म्हणून स्क्विंटचा रोख अचूक असावा लागतो. तो एकच जागा दाखवतो. याउलट ५ सेंमी जाडीच्या जाळीत ५ सेंमी रुंद छिद्र असेल, तर एका छिद्रातून सुमारे ५३ अंश दिसतात आणि जाळीत अशी अनेक छिद्रे असतात. जाळीला चेहरा टेकवला की जवळजवळ सगळे दालन दिसते. म्हणजे जाळीपाशी अडते ती नजर नव्हे, अडतो तो प्रवेश.

४. दर्शन पुरेसे आहे का?

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये मिस्सेची जुनी पद्धत संपली. स्क्विंटचे प्रयोजन उरले नाही आणि अनेक स्क्विंट बुजवले गेले. निजामुद्दीनची जाळी मात्र आजही वापरात आहे, आणि तिच्याविषयीचा प्रश्न न्यायालयात पोचला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्यात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींनी तेथील प्रवेशबंदीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्याआधी, २६ ऑगस्ट २०१६ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यातील स्त्रियांवरची बंदी राज्यघटनेच्या कलम १४, १५ आणि २५ शी विसंगत ठरवली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबरीमला प्रकरणातील व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवताना मुस्लिम स्त्रियांच्या दर्गा-मशीद प्रवेशाचाही उल्लेख केला.

बंदीच्या बाजूने परंपरा आणि धर्मसंस्थेच्या स्वायत्ततेचा मुद्दा मांडला जातो, विरोधात समानतेचा. वास्तूच्या अभ्यासकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी: जाळीतून दर्शन घेणारी स्त्रीही भक्त आहे, हे ती जाळी मान्य करते. वाद आहे तो तिला उंबरठा ओलांडता यावा की नाही, याबद्दल.

स्वाध्याय

१. स्क्विंट तिरका का असतो?
२. जाळी आणि स्क्विंट यांतील दृश्यकोनाचा फरक आकृती काढून स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील एका प्रार्थनास्थळाचा नकाशा काढा. कोण कुठवर जाऊ शकतो आणि कुठून काय दिसते, ते त्यावर दाखवा.