सायकल ट्रॅक असूनही सायकलवाले रस्त्यावरून का जातात?

बाजूला सायकल ट्रॅक असतो, तरी सायकलवाले गाड्यांच्या गर्दीतून जातात. "यांना शिस्तच नाही," असं म्हणून आपण मोकळे होतो. पण बऱ्याचदा चूक ट्रॅकच्या आखणीत असते. सायकल वळते कशी, हेच आखताना लक्षात घेतलेलं नसतं.

कार चार चाकांवर उभी असते. स्टिअरिंग फिरवलं की ती वळते. सायकल मात्र वळताना आतल्या बाजूला झुकते. डावीकडे वळायचं असेल, तर हँडल आधी क्षणभर किंचित उजवीकडे जातं, त्यामुळे सायकल डावीकडे झुकते आणि मग वळते. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की चालवणाऱ्याला कळतही नाही.

या झुकण्याला जागा लागते. सायकल १५ अंश झुकते असं धरलं, तर ताशी १० किलोमीटर वेगाला साधारण ३ मीटर त्रिज्येचं वळण पुरतं. वेग २० झाला की मात्र १२ मीटर लागतात. म्हणजे वेग दुप्पट, तर जागा चौपट.

मग वेग कमी करायचा का? तर हळू जाणारी सायकल डगमगते आणि तिला सरळ जायलाही जास्त रुंदी लागते. नेदरलँड्समध्ये रस्ते आखताना 'क्रो' या संस्थेची नियमावली वापरतात. तिच्यानुसार वळणाची त्रिज्या ५ मीटरपेक्षा कमी नसावी. त्याहून कमी झाली, तर वेग ताशी १२ किलोमीटरच्या खाली येतो आणि तोल सांभाळणं अवघड जातं.

आता आपल्याकडचे ट्रॅक आठवा. बसथांब्याजवळ काटकोनात वळणारे, मध्येच खांब असलेले. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यातही हे दिसतं. अशा ट्रॅकवर दर थोड्या अंतरावर ब्रेक मारा आणि पुन्हा पायांच्या जोरावर वेग घ्या, यापेक्षा रस्ता बरा वाटतो.

खरा धोका चौकात असतो. ट्रक डावीकडे वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. शेजारून सरळ जाणारा सायकलवाला ड्रायव्हरला दिसतच नाही.

यावर डच चौकांमध्ये उपाय आहे. कोपऱ्यावर एक छोटं बेट बांधतात, त्यामुळे गाड्यांना हळू वळावं लागतं. सायकलचा मार्गही चौकापासून साधारण एका कारच्या लांबीएवढा आत घेतात. गाडी बरीचशी वळून झाल्यावर सायकल आडवी येते, ती थेट ड्रायव्हरच्या नजरेसमोर, आणि थांबायला जागाही मिळते.

यात महागडं तंत्रज्ञान काही नाही. नुसता रंग मारून ट्रॅक होत नाही, कोपरा नीट आखावा लागतो. चौकात एखाद्याचा जीव त्यावरच अवलंबून असतो.