संसाराची वाळवी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिथून ऐकत असाल तिथून थोडा वेळ द्या. आमच्या बचत गटांत ख्रिस्ती बहिणीही आहेत, कुणी मरोळच्या ईस्ट इंडियन, कुणी नगरकडून आलेल्या. वेदीपुढे दिलेलं वचन मरेपर्यंतचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. वचन एका दिवसात मोडत नाही. त्याला वाळवी लागते.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ बघा. 1895 मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि नवराबायको काही वर्षं वेगळे राहिले. पुढे ते एकत्र आले, 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलण्याएवढं वादळ त्या संसारानं पचवलं. पण पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटतात त्या रोजच्या कुरबुरी: टिळकांचा तापटपणा, आणि हातातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळं होणं. लक्ष्मीबाई हे हसतहसत सांगतात, पण झाकून ठेवत नाहीत.

आमच्याकडे झाकाझाकी फार. गटातून अंतर्गत कर्ज घ्यायचं आणि म्हणायचं, “ताई, ह्यांना कळू देऊ नका.” तिकडे ह्यांनीही मित्राकडून उसने घेतलेले असतात. रक्कम पाच हजारांची असते; पण कळतं तेव्हा भांडण पैशांचं राहत नाही, “माझ्यापासून लपवलंस” याचं होतं. म्हणून आम्ही सांगतो, महिन्यातून एकदा दोघांनी पासबुकं, हप्ते, भिशी सगळं समोर मांडा. हिशेब जुळला नाही तरी चालेल. (एक मात्र खरं, नवरा दारूत पैसे उडवत असेल तर बाईनं स्वतःची बचत जपलीच पाहिजे. ती लपवाछपवी नव्हे.)

दुसरी वाळवी थकव्याची. तो विरारच्या गर्दीतून लटकत येतो, ती दुसऱ्या पाळीवरून. मग जेवताना दोघांच्या हातात मोबाईल. रविवारी मिस्साला शेजारी बसतात, तेवढीच सोबत. रात्रीच्या प्रार्थनेची दहा मिनिटं मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. खोली एकच असेल तर पिशवीत टाका.

आणि अबोला. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नका असं बजावतो. आमच्या चाळींत तो आठवडाभर चालतो, निरोप मुलांकरवी जातात. “पप्पांना सांग, जेवण वाढलंय.” मुलांना पोस्टमन करू नका. ते सगळं ऐकतात.

पण मारहाण ही छोटी गोष्ट नाही. ती क्षमेच्या नावाखाली सोसायची नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे. महिला हेल्पलाइन 181. फादर किंवा पाळकांशी जरूर बोला, पण आधी सुरक्षित जागी जा.

बाकीच्यांनी पुढच्या बैठकीआधी गटाचं पासबुक घरी दाखवून या.