साइटवरचा संध्याकाळचा वर्ग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यात वाघोली, वाकड, हिंजवडीकडे टॉवर उभे राहतात, तशा त्या बांधकाम-साइटवर टॉवरच्या पायाशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्याही उभ्या राहतात. त्यांत रायचूर-यादगीरकडची कानडी कुटुंबं असतात, तेलंगणाची, बिहारची असतात. १९८८ साली रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने पुण्यात अशा कुटुंबांतल्या मुलांपर्यंत शिक्षण नेलं. आज कित्येक तरुण नोकरी-कॉलेज सांभाळून अशा वस्त्यांत शिकवतात. त्यांच्याही मनात काही समजुती घट्ट बसलेल्या असतात, आणि त्यांचा भुर्दंड मुलांना पडतो.

गैरसमज: मूल फाडफाड मराठी बोलतं, म्हणजे भाषेची अडचण संपली.

सगळ्यात जास्त नुकसान हा समज करतो. खेळायला-भांडायला लागणारी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. कॅनडात स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करताना संशोधक जिम कमिन्स यांना हेच दिसलं.

चौथीतल्या कानडी मुलीला ३६ भागिले ४ घाला, ती चटकन ९ लिहिते. मग वाचायला द्या: ‘३६ पेरू ४ टोपल्यांत समान वाटले, तर प्रत्येकी किती?’ पेन्सिल थांबते. ‘समान’, ‘प्रत्येकी’, ‘पैकी’, ‘उर्वरित’ हे शब्द तिच्या कानावर साइटवर कधी पडलेलेच नसतात. शाळेत शेरा बसतो, ‘गणित कच्चं’. शिकवणाऱ्या ताईने छत्तीस खडे पुढ्यात ओतले, तिलाच वाटायला लावले आणि याला तुमच्याकडे काय म्हणतात ते विचारलं, की अडलेलं गणित सुटतं.

म्हणूनच ‘घरी मराठीच बोला’ हा पालकांना दिला जाणारा सल्ला मला घातक वाटतो. घरच्या भाषेत एखादी कल्पना पक्की असली, की नव्या भाषेत तिचं फक्त नाव शिकायचं उरतं. आईने मोडक्या मराठीत बोलायचं ठरवलं, तर मुलाला धड मराठीही मिळत नाही आणि आईच्या गोष्टीही जातात.

गैरसमज: शिकवायला बी.एड. लागतं.

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना त्याच भागातल्या, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या मुली शिकवत. मुंबई आणि बडोद्यातल्या या कामाची पाहणी अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केली. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली: मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले होते. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये गावातल्याच स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुलं आली ती वाचनात पुढे सरकली. पण आली फार थोडी. खरी मेहनत मुलांना वर्गापर्यंत आणण्यातच आहे. म्हणून वर्ग मजुरांच्या खोल्यांच्या शेजारीच भरवावा, आणि कडेवरच्या धाकट्या भावासकट आलेल्या मुलीला परत पाठवू नये.

गैरसमज: गृहपाठ पूर्ण करून घेतला, की झालं.

पाचवीतल्या मुलाला जोडाक्षरं वाचता येत नसतील, तर तो फळ्यावरची उत्तरं वहीत उतरवतो आणि वही पूर्ण होते. आधी त्याला काय येतं ते पाहून तिथून सुरुवात करावी, मग ती बाराखडी का असेना.

गैरसमज: कागद नाहीत, तर शाळा नाही.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा उलट सांगतो. वयाचा पुरावा नाही किंवा वर्ष अर्धं सरलं, म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी थांबवता येत नाही. मुख्याध्यापकांसमोर मजूर बाप एकटा गेला तर बिचकतो, म्हणून कुणीतरी सोबत जावं.

गैरसमज: जमेल तेव्हा गेलं तरी मदतच.

अमेरिकेत मुलांना मोठ्या भावंडासारखी सोबत देणाऱ्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ संस्थेच्या स्वयंसेवकांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये आला. वर्षभर टिकलेल्या नात्याचा मुलांना फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यानंतर मुलांचा आत्मविश्वास उलट घटला. आपली ही मुलं तर आधीच दर काही महिन्यांनी माणसं मागे सोडून येतात. आठवड्यातला एकच वार द्या, पण तो चुकवू नका.

साइट संपत आली, की मुकादमाला आधी कळतं. त्याच्याशी बोलणं ठेवावं. कुटुंब निघण्याआधी शाळेचा दाखला काढून आईच्या हाती द्यावा. मूल कुठवर वाचतं, कोणती गणितं येतात हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावं, आणि नव्या साइटजवळ वर्ग घेणारं कुणी सापडलं तर त्याला स्वतः फोन करावा.