खिरापत ओळखा!
गाणी, नाटक आणि चित्रांतून भाषा कशी येते

आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना मराठी कळते. आईने "पानं घेतली आहेत, हात धुऊन ये" म्हटले की मूल हात धुऊन येते. पण "आज शाळेत काय झाले?" असे विचारले की उत्तर येते इंग्रजीत. भारतातून आजीचा फोन आला की "हो", "नाही", "बरी आहे" एवढ्यावर बोलणे संपते आणि फोन आईच्या हातात जातो. आजीला नातवंडाशी बोलायचे असते, नातवंडालाही आजी हवी असते. मधे भाषा अडून बसते.

असे का होते? ऐकणे आणि बोलणे ही दोन वेगळी कामे आहेत. ऐकताना आईचा चेहरा, हातवारे, समोरचे ताट हे सगळे मदतीला असते. बोलताना मात्र शब्द, त्याचे लिंग, क्रियापदाचे रूप, सगळे आपले आपण शोधावे लागते. त्यात कोणी हसेल ही भीती असतेच. शिवाय समोरच्याला इंग्रजी येते हे मुलाला पक्के ठाऊक असते, मग मराठीची खटपट करायची कशाला? म्हणजे दोन गोष्टी हव्यात: भीती जायला हवी आणि बोलण्याला खरे कारण मिळायला हवे.

शिकागोतले एक घर

हा प्रश्न अमेरिकेला नवा नाही. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली शिकागोच्या हॉलस्टेड स्ट्रीटवर 'हल हाउस' सुरू केले. आजूबाजूला इटली, ग्रीस, पोलंड, रशिया अशा देशांतून आलेली गरीब कुटुंबे राहत. त्यांच्यासाठी इथे इंग्रजीचे वर्ग होतेच, पण त्याबरोबर चित्रकला, संगीत आणि नाटकही होते. जेन ॲडम्स यांना पुढे १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हल हाउसमध्ये नीवा बॉइड नावाच्या बाई खेळांतून शिकवण्याचे शास्त्र शिकवीत. व्हायोला स्पोलिन ही त्यांची विद्यार्थिनी. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी रोजगार योजनेखाली स्पोलिनबाई शिकागोत मुलांना आणि मोठ्यांना नाटक शिकवू लागल्या. समोरची मंडळी वेगवेगळ्या देशांची, भाषा वेगळ्या. लांबलचक सूचना देऊन उपयोग नव्हता. म्हणून त्यांनी सोपे नियम असलेले नाट्यखेळ तयार केले. त्यांचे पुस्तक १९६३ साली निघाले आणि आजही नाटकाच्या वर्गांत वापरले जाते.

त्यांच्या खेळांचे मर्म असे: प्रत्येक खेळात मुलापुढे एक छोटे कोडे असते. उदाहरणार्थ, दोघांनी मिळून नसलेला दोर ओढायचा, आणि तो बघणाऱ्यांना 'दिसला' पाहिजे. मुलाचे सगळे लक्ष दोराकडे जाते. "मी कसा दिसतो, कोण हसतो" हे विसरले जाते. दुसरे म्हणजे, शिक्षकाने खेळ थांबवायचा नाही. बाजूला उभे राहून "दोर जड आहे!" एवढेच ओरडायचे. शाबासकी नाही, रागावणे नाही.

आपली खिरापत

असाच एक उत्तम भाषाखेळ आपल्याकडे पूर्वीपासून आहे: भोंडला. मधे हत्तीचे चित्र, भोवती फेर आणि गाणी. गाण्यांमुळे कानाला लय बसते. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येते, फक्त एखादा शब्द बदलतो, त्यामुळे वाक्याचा साचा जिभेवर बसतो. मात्र गाणी अर्थ न कळताही पाठ होतात. मुलांना खरोखर बोलायला लावते ती शेवटची खिरापत!

डब्यात काय आहे हे एकीलाच माहीत असते. बाकीच्यांना ते हवे असते. "गोड की तिखट?" "तळलेले का?" "ओले की कोरडे?" असे विचारल्याशिवाय डबा उघडत नाही. एकाला माहीत आहे, दुसऱ्याला नाही, आणि विचारण्यावाचून गत्यंतर नाही. बोलण्याला यापेक्षा चांगले कारण ते कोणते?

आम्ही वर्गात कोणताही कलाप्रकार निवडताना हेच पाहतो: यात 'खिरापत' आहे का?

वर्गातले पाच प्रकार

१. शिवाजी म्हणतो: "शिवाजी म्हणतो, डावा हात वर करा!" सॅन होजेचे मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकापासून अशा आज्ञांवरच परभाषा शिकवण्याची एक पद्धत उभी केली. सुरुवातीला मुलाने बोललेच पाहिजे असे नाही, अंगाने उत्तर दिले तरी चालते. थोड्या दिवसांनी मूल स्वतःच शिवाजी व्हायला पुढे येते.

२. ठेक्यावर बोलणे: न्यूयॉर्कच्या शिक्षिका कॅरोलिन ग्रॅहम यांनी जॅझच्या ठेक्यावर रोजचे इंग्रजी संवाद बसवले. त्यांचे पुस्तक १९७८ साली निघाले. आम्ही टाळ्यांवर मराठी संवाद बसवतो: "कुठे चाललास?" "बाजारात!" "काय आणशील?" इथे प्रत्येक मूल आपला शब्द घालते.

३. मोज्यांच्या बाहुल्या: तीन जुने मोजे घ्या. एक बैल, एक गाय, एक वासरू. 'तो' बैल आला, 'ती' गाय आली, 'ते' वासरू आले. इंग्रजीत तिघांनाही क्रियापद एकच. मराठीत बाहुली बदलली की वाक्याचा शेवट बदलतो. तक्ता पाठ करण्यापेक्षा हे लवकर बसते, आणि चूक झाली तर ती बैलाची होते, मुलाची नाही!

४. न पाहता चित्र: दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एक सांगतो, "घराच्या उजवीकडे झाड, झाडाखाली म्हैस." दुसरा ऐकून काढतो. इंग्रजीत 'खाली' हा शब्द आधी येतो आणि झाड तसेच राहते. मराठीत 'झाड'चे 'झाडा' होऊन 'खाली' मागून चिकटते. म्हैस झाडावर चढली की सगळे हसतात आणि नियमही लक्षात राहतो.

५. तोंडाचे चित्र: 'ताट' म्हणा. 'त'ला जीभ दातांना लागते, 'ट'ला वर टाळूकडे वळते. इंग्रजीतला 'ट' या दोघांच्या मधला असतो, म्हणून इथल्या मुलांचे त आणि ट एकच होतात. मुले आरशात पाहून जिभेचे चित्र काढतात. आता ओठांसमोर पातळ कागद धरा. इंग्रजी 'पेन' म्हटले की कागद हलतो, 'स्पून' म्हटले की जवळजवळ नाही. आपले 'पाणी' स्पूनमधल्या 'प'ने म्हणायचे, नाहीतर त्याचे 'फाणी' होते.

गणपतीतले नाटक

दरवर्षी मुले गणेशोत्सवात नाटक करतात, आणि ते व्हायलाच हवे. पण इंग्रजी लिपीत लिहिलेले संवाद घोकून म्हटले तर टाळ्या मिळतात, भाषा मिळत नाही. त्यापेक्षा मुलांना प्रसंग द्या: आजोबा विमानतळावर उतरले आहेत आणि त्यांची पिशवी हरवली आहे. संवाद मुलांनी स्वतः जुळवायचे. आजोबांना "बसा", धाकट्या भावाला "बस", हा फरक तिथे आपोआप येतो. वाक्ये मोडकीतोडकी असतील, पण ती त्यांची असतील. तालमीत वाक्य चुकले तर आम्ही थांबवत नाही. तेच वाक्य नीट करून उत्तरादाखल म्हणतो. मूल म्हणाले, "मी पाणी पिला," तर आम्ही म्हणतो, "पाणी प्यायलास? मग आता दूध पी."

अर्थात खेळ म्हणजे सगळे काही नव्हे. बाराखडी, वाचन, शुद्धलेखन यांना वेळ द्यावाच लागतो. आणि आठवड्याचे दोन तास कितीही रंगले तरी उरलेले दिवस घरचेच असतात.

बालमित्रांनो, या आठवड्याचा गृहपाठ: एका डब्यात काहीतरी लपवा. आजीला फोन करा आणि तिला ते ओळखायला सांगा. ती प्रश्न विचारील, तुम्ही मराठीतच उत्तरे द्यायची. मग आजीने डबा भरायचा आणि तुम्ही ओळखायचे. पालकांनो, मधे शब्द सुचवू नका. थोडी शांतता झाली तरी होऊ द्या, आणि फोन मुलाच्याच हातात राहू द्या.